हायब्रीड धान जोमानं का वाढतं? जनुकं आईबापाचीच, हिशोब वेगळा

गोंदिया जिल्ह्यात हायब्रीड धान लावणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. या पिकातलं धान बियाणं म्हणून राखायचं नाही, पुढच्या खरिपात पुन्हा नवी पिशवी विकत घ्यायची. हा खर्च दरवर्षीचा. तो का करावा लागतो, हे समजून घ्यायचं तर जनुकांच्या अभिव्यक्तीपर्यंत जावं लागतं.

आधी एक ओळखीचं उदाहरण घेऊ. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्रातून १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित भात आला. त्याची आई आयआर ५८०२५ ए. धान एरवी स्वतःच्याच परागानं फळतं. पण या आईचे परागकण मायटोकॉन्ड्रियातल्या दोषामुळे वांझ असतात, म्हणून तिला बापाचाच पराग लागतो. बाप सोबत असं जनुक आणतो की संकरित रोपाचे पराग पुन्हा चांगले होतात आणि लोंबी भरते.

आता मुख्य प्रश्न. संकरित रोपात नवं जनुक एकही नसतं, सगळी आईबापाकडूनच आलेली. मग जोम कुठून येतो?

जनुक असणं वेगळं आणि ते किती चालतं, केव्हा चालतं हे वेगळं. जनुकापासून किती आरएनए तयार होतो, ती त्याची अभिव्यक्ती. समजा, एका जनुकाचा आरएनए आईत १० आणि बापात ३० एकक आहे. संकरात २० आला तर ती निव्वळ सरासरी. पण ३५ किंवा १२ आला तर? बापाकडून आलेलं नियंत्रक प्रथिन आईच्या जनुकाचं ‘बटण’ही दाबू शकतं, म्हणून बेरीज सरळ राहत नाही. अशी सरासरी सोडून वागणारी जनुकं शोधणं, हे या क्षेत्रातलं पहिलं काम.

प्रमाणाइतकीच वेळही महत्त्वाची. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, टेक्सासमधल्या जेफ्री चेन यांच्या गटाच्या कामात अरॅबिडॉप्सिसच्या संकरात सीसीए१ आणि एलएचवाय ही जैविक घड्याळाची जनुकं दिवसा दबलेली दिसली. ती इतर जनुकांना रोखून धरतात. ती दबली, तशी हरितद्रव्य आणि स्टार्च बनवणारी जनुकं जास्त चालली. सीसीए१ मुद्दाम बदलून पाहिलं, तेव्हा स्टार्चही बदललं. नुसता संबंध दाखवून न थांबता कारण तपासलं, म्हणून हे काम वाचण्यासारखं आहे.

आता बियाण्याकडे परत येऊ. संकरित रोपातलं बी पेरलं की जनुकांच्या जोड्या फुटतात. आईबापाच्या ज्या जागा वेगळ्या होत्या, त्यांतल्या सरासरी निम्म्याच पुढच्या पिढीच्या रोपात मिश्र राहतात. अभिव्यक्तीचा जमलेला हिशोब रोपागणिक बदलतो. बांधीत कुठे उंच, कुठे ठेंगणं. काही रोपांत तर पराग सुधारणारं जनुकच नसतं, त्यांच्या लोंब्या पोचट राहतात.

तुम्ही असा प्रयोग आखणार असाल तर तीन गोष्टी पाळा. एक, तुलना दोन्ही आईबापांशी करा, बाजारातल्या भलत्याच वाणाशी नको. दोन, तिन्हींची पानं एकाच वयाची आणि दिवसाच्या एकाच वेळी तोडा. आईची सकाळी आणि संकराची दुपारी तोडली, तर तुम्ही जोम नव्हे, घड्याळ मोजाल. तीन, हजारो जनुकांची यादी म्हणजे निष्कर्ष नव्हे. त्यातलं एक तरी जनुक कमी-जास्त करून वाढ बदलते का ते पाहा.

ही वाट शेतापर्यंत पोचू शकते. इम्तियाज खांडे, वेंकटेशन सुंदरेशन आणि सहकाऱ्यांनी भाताच्या अंडपेशीत बीबीएम१ हे जनुक चालू केलं, तर फलनाशिवाय भ्रूण तयार झाला. त्याला जनुकांची वाटणी थांबवणाऱ्या बदलांची जोड दिली, तेव्हा काही बियांतून हुबेहूब आईसारखी रोपं उगवली. सगळ्या बिया तशा निघाल्या नाहीत. ते प्रमाण वाढलं, तर हायब्रीड धानाचं बियाणंही घरच्या कोठीत राखता येईल.