बटणामागची यंत्रणा

पडद्यावरचं बटण दाबलं की ते आत गेल्यासारखं दिसतं. हा देखावा प्रत्येक प्रोग्रॅमर नव्याने रचत नाही. बटणं, मेन्यू, खिडक्या तयार देणारी 'टूलकिट' हाताशी असते.

बर्कलेच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी 'गिम्प' हा चित्रं संपादित करणारा प्रोग्रॅम लिहिताना आधी 'मोटिफ' ही टूलकिट वापरली. ती विकतची होती, शिवाय मनासारखी नव्हती. मग पठ्ठ्यांनी स्वतःचीच टूलकिट रचली: जीटीके. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'ग्नोम' डेस्कटॉपने तीच उचलली.

अशा टूलकिटच्या आतलं तंत्र तसं साधं. प्रोग्रॅम सतत घटनांची वाट पाहतो; क्लिक झालं की नेमलेलं काम करतो. ते काम लांबलं, तर खिडकी गोठते. म्हणून जड कामं वेगळ्या 'थ्रेड'वर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यावर, सोपवतात.