वाडा पडण्याआधी

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या. आज तिथे तट, जोती आणि कारंज्यांचे हौद तेवढे दिसतात. आतला वाडा कसा होता हे आपण बखरी, कागदपत्रे आणि थॉमस डॅनियलने रंगवलेल्या पेशवे दरबाराच्या चित्रावरून सांगतो. ते चित्रही त्याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेले. चित्रातून थाट कळतो, पण खांबाची जाडी, दोन खांबांमधले अंतर किंवा तुळई कुठे टेकली होती हे कळत नाही. वाडा पुन्हा बांधायचा म्हटला तर सुतार पहिल्यांदा हेच विचारील.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर होते. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्याचे मध्ययुगीन ओक लाकडाचे छप्पर जळाले. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये लेझर स्कॅनरने या इमारतीचे एक अब्जाहून अधिक बिंदू टिपून ठेवले होते, ही बातमी जगभर गाजली. त्यामानाने कमी गाजलेली गोष्ट अशी, की रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या दोन वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये छपराच्या लाकूडकामाची सविस्तर मापरेखाटने केली होती. कोणती कैची कशी जोडली आहे, सांधा कुठे आहे, हे त्यांत होते. नवे छप्पर उभारताना सुतारांना या रेखाटनांचा मोठा आधार मिळाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले.

जुन्या इमारतीची अशी मोजणी, म्हणजे ‘मेजर्ड ड्रॉइंग’, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. हातात स्कॅनर असताना टेप कशाला, हा प्रश्न तिथे हमखास येतो. त्याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीतच आहे.

पहिले काम टेप काढण्याचे नसतेच. आधी वाडा फिरून पाहायचा आणि प्रत्येक चौकाचा, ओसरीचा, खोलीचा कच्चा नकाशा हाताने काढायचा. मापे मग त्यावर लिहायची. भिंतीवरची दारे, देवळ्या, खिडक्या मोजताना टेपचे शून्य एका कोपऱ्यात धरून पुढचे सगळे आकडे त्याच शून्यापासून वाचायचे. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर प्रत्येक मापातली किरकोळ चूक पुढच्या मापात मिसळत जाते आणि भिंतीच्या शेवटाला ती चांगली दोन-चार बोटांची होते.

जुन्या खोलीचे कोपरे काटकोनात असतील असे गृहीत धरता येत नाही. चारही बाजू मोजल्या तरी त्याच मापांची खोली तिरपीही काढता येते. म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण घेतात. कर्ण मिळाला की त्रिकोण पक्का होतो आणि खोली कागदावर हलत नाही. उंचीसाठी पाण्याच्या लेव्हल पाइपने वाड्यात सगळीकडे एकच आडवी रेषा आखतात, वर-खालची मापे तिच्यापासून घेतात. भिंत किती कलली आहे ते ओळंबा सांगतो. साधारणपणे पूर्ण इमारत १:१०० किंवा १:५० प्रमाणात आणि महिरप, खांबाचे केळफूल असे बारकावे मोठ्या प्रमाणात काढतात.

खरी गंमत आकडे जुळत नाहीत तेव्हा सुरू होते. बाहेरून घेतलेल्या लांबीतून आतल्या खोल्या आणि भिंती वजा केल्या, तरी हातभर जागा उरते. मग शोध घ्यायचा. कित्येक वाड्यांत जाड भिंतीच्या पोटातून जिना गेलेला असतो, कधी तो नंतर बुजवलेलाही असतो. एखाद्या खांबाला रिकामी खाच दिसते, म्हणजे तिथे कधीतरी तुळई होती. एका बाजूचे खण सारखे आणि दुसऱ्या बाजूचे आखूड असतील, तर तो भाग मागाहून वाढवला असण्याची शक्यता असते. मोजणारा माणूस अशा जागी थांबतो आणि बांधणाऱ्याने असे का केले असेल, याचा विचार करतो.

स्कॅनर थांबत नाही. तो लेझरचे किरण सोडतो, ते परत आले की अंतर काढतो आणि काही मिनिटांत लाखो बिंदू टिपतो. एका जागेवरून खांबामागचे दिसत नाही, म्हणून तो अनेक ठिकाणी मांडावा लागतो. मग ते सगळे बिंदू एकत्र जुळवून ‘पॉइंट क्लाउड’ तयार होतो. फोटोग्रॅमेट्रीत हेच काम एकमेकांवर बरेचसे चढणाऱ्या शेकडो छायाचित्रांतून होते. त्यासाठी फार महाग साधन लागत नाही, मात्र कुठेतरी एक खरे माप घेऊन ठेवावे लागते, नाहीतर प्रतिकृतीचा आकार बरोबर येतो आणि आकडे चुकतात. उंच शिखर, कललेला बुरूज, नक्षीने भरलेला मंडप अशा ठिकाणी या साधनांना तोड नाही. शिडी लावून आठवडाभर जे जमणार नाही ते दिवसभरात होते, तेही काही मिलिमीटरच्या अचूकतेने.

पण आडोशाला असलेले, गिलाव्याखाली दडलेले त्यांना दिसत नाही. ती रिकामी खाचही पॉइंट क्लाउडमध्ये येते, ती खाच आहे हे मात्र बघणाऱ्याला ओळखावे लागते. नकाशा काढताना कोणती रेघ ठळक, कोणता भाग मूळचा आणि कोणता दुरुस्तीचा, हा निर्णय माणसाचाच. टेपने एक वाडा मोजलेल्या विद्यार्थ्याला स्क्रीनवरचा दुसरा वाडा वाचता येतो. म्हणून क्रम आधी टेप, मग स्कॅनर असा असावा.

नोंद झाली की ती जपण्याचा प्रश्न येतो. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रप्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्या प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. अजिंठा जागेवर राहिला, नकला गेल्या. अमेरिकेने १९३३ मध्ये मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना कामाला लावून ऐतिहासिक इमारतींच्या मोजणीचा कार्यक्रम सुरू केला. ती रेखाटने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणालाही पाहता येतात. डिजिटल फाइलला आग लागत नाही, पण ती उघडणारे सॉफ्टवेअर बाद होते, हार्ड डिस्क बंद पडते. म्हणून मूळ बिंदू खुल्या फॉरमॅटमध्ये दोन-तीन ठिकाणी आणि मुख्य नकाशे टिकाऊ कागदावर छापून ठेवणे शहाणपणाचे.

संरक्षित स्मारकात काम करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी आणि ड्रोन उडवायला वेगळे नियम आहेत. पण पुण्यात, नाशकात, वाईत जे वाडे पुनर्विकासासाठी पाडले जातात, त्यांतले पुष्कळ कोणाच्याच यादीत नसतात. त्यांच्यासाठी मालकाची संमती, टेप, ओळंबा, कागद आणि मोबाइलचा कॅमेरा इतके पुरते. नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण, तारीख आणि मोजणाऱ्यांची नावे लिहा, एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. प्रत्येक वाडा वाचणार नाही, हे उघड आहे. पण तो न मोजता पाडला जाऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.