दिवाळीनंतरचा वर्ग : बीडच्या पाचवी ते आठवीतलं शिकवणं

बीड जिल्ह्यातल्या शाळेचा जूनमधला पट आणि दिवाळीनंतरची हजेरी यांचा मेळ बसत नाही. दसरा सरला की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी, गेवराई या तालुक्यांतल्या कित्येक वाड्या-तांडे महिन्याभरात ओस पडतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते तसेच राहतात. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस ठरवून दिले. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या मुलाला त्यांतले निम्मे मिळाले तरी पुष्कळ.

त्यातही पाचवी ते आठवीचं वय फार अवघड. पहिलीतलं पोर आईबापाबरोबर जातं, कारण गावात त्याला सांभाळायला कुणी नसतं. अकरा-बारा वर्षांचं जातं, कारण त्याचे हात कामाला येतात. फडाजवळच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, उसाचं वाढं गोळा करायचं, मोळी बांधू लागायची. अशी सहा महिने घरची जबाबदारी पेललेली मुलगी एप्रिलमध्ये सहावीच्या वर्गात परत येते, तेव्हा तिला हाताची घडी घालून बसायला सांगणं हे शिकवणं नव्हे.

वर्गव्यवस्थापनाच्या पुस्तकांत आणि प्रशिक्षणांत एक गोष्ट धरूनच चाललेलं असतं, की आज समोर बसलेली मुलं उद्याही तीच असतील. बीडमध्ये तेच टिकत नाही. म्हणून महाराष्ट्रात गाजलेले शिकवण्याचे प्रयोग इथे एकाच कसोटीवर पाहायला हवेत : मूल मध्येच गेलं आणि मध्येच आलं, तरी तो प्रयोग तगतो का?

माझ्या मते सगळ्यांत जास्त तगते ती पातळीनुसार गट करण्याची पद्धत. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं ती देशभर नेली. तिच्या बालसखी उपक्रमाचा मुंबई आणि बडोद्यात अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धतीत अवघड काही नाही. एकेका मुलाला जवळ बसवायचं, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येतं ते पाहायचं, आणि रोज एक तास इयत्ता विसरून त्या पातळीच्या गटात शिकवायचं. २०२२ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, तर सहावीच्या पुस्तकातला पहिला धडा सगळ्यांना एकदम उघडायला सांगण्यात अर्थ उरत नाही.

बीडच्या शाळेत ही तपासणी जूनमध्ये करावी आणि मुलं फडावरून परतली की पुन्हा करावी. परतलेलं मूल सरळ एखाद्या गटात बसतं, तिथं त्याच्यासारखी आणखी चार मुलं असतात आणि ‘तुझं किती बुडालं’ हा प्रश्न कुणी काढत नाही. एक धोका मात्र आहे. गट दोन-तीन आठवड्यांनी बदलला नाही, तर त्याचा ‘ढ’ मुलांचा बाक होतो. मुलांना ते शिक्षकाच्या आधी कळतं. म्हणून मूल वरच्या गटात गेलं की ते वर्गासमोर सांगावं, आणि गटांना अ, ब, क म्हणण्याऐवजी कडुनिंब, बाभूळ, सीताफळ अशी नावं द्यावीत.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटनं (शाळांच्या गटानं) दहा-बारा वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाचा जो प्रयोग केला, तो पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात त्याचा गाजावाजा झाला. परतताना पुष्कळांनी फरशीवरचे रंगीत तक्ते तेवढे उचलले. ते तक्ते लहान वर्गांच्या कामाचे आहेत. वरच्या वर्गांनी घ्यावं ते मागचं तत्त्व : शिक्षक नसतानाही मुलाला सुरू करता येईल असं काम वर्गात कायम असलं पाहिजे. दोन वर्ग एकाच खोलीत बसणाऱ्या शाळेत हेच खरं वर्गनियंत्रण. पुठ्ठ्याच्या कार्डावर एका बाजूला उदाहरण, मागच्या बाजूला उत्तर आणि ते कसं काढलं याच्या दोन ओळी. अशा चाळीस-पन्नास कार्डांवर सातवी स्वतः काम करते, तोवर शिक्षक पाचवीबरोबर बसू शकतो. आणि फडावर निघालेल्या मुलाच्या पिशवीत यांतलाच एक गठ्ठा घालता येतो. पाठ्यपुस्तक एकट्यानं वाचून समजत नाही. कार्ड समजतं, कारण ते एकट्यासाठीच लिहिलेलं असतं.

लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांच्या भोवतालचं जगणं वर्गात आणायचं हा तिथला आग्रह बीडला जसा लागू पडतो तसा क्वचितच कुठे पडत असेल. इथल्या सातवीच्या मुलाला टन, खेप, खाडा, मुकादमाचं कमिशन हे शब्द पाठ असतात. टक्केवारी शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठून आणणार? जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरीत ३४ टक्के वाढीचा करार झाला. जुना दर घरून विचारून आणा, नवा काढा, एका कोयत्यानं (नवरा-बायकोच्या जोडीनं) दिवसाला दीड टन तोडला तर फरक किती पडतो ते मांडा. भूगोलात कारखान्यांचा नकाशा करा : कोण कुठे गेलं, वाटेत कोणती नदी लागली, तिथं बारमाही पाणी का आणि आपल्याकडे का नाही. मग बीडजवळची निजामशाहीच्या काळातली खजाना बावडी, धनेगावचं मांजरा धरण, माजलगावचं धरण आपोआप धड्यात येतात. सहा महिने बाहेर राहिलेलं मूल या तासाला जाणकार ठरतं. पथ्य एकच : उदाहरणात कुणाच्या घरची खरी उचल, खरं कर्ज विचारू नये. उचलीचे, कर्जाचे आकडे काल्पनिक घ्यावेत. कर्जाची लाज बाराव्या वर्षी फार बोचते.

‘मारायचं नाही, मग करायचं काय?’ हा प्रश्न शिक्षक मनापासून विचारतात. त्याला नुसतं शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम दाखवून चालत नाही. करण्यासारखं बरंच आहे. दिवसाची पहिली दहा मिनिटं ठरलेली असावीत. फळ्यावर एक प्रश्न, आल्या आल्या वहीत उत्तर. उशिरा आलेल्यालाही काय करायचं ते विचारावं लागत नाही. वर्गात प्रश्न विचारला की हात वर करणारी तीच चार मुलं असतात. त्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरावं. कोण कुठे अडलं ते एका नजरेत दिसतं आणि चुकलेल्याला उभं राहावं लागत नाही. गोंधळ वाढला तर आवाज चढवण्यापेक्षा त्या बाकाजवळ जाऊन उभं राहावं, आणि बोलायचं ते तास संपल्यावर एकट्याशी. हजेरी, ग्रंथपेटी, पाणी, पोषण आहाराची पंगत ही कामं मुलांकडे द्यावीत, पण जोडीनं. एक जण फडावर गेला तरी काम अडत नाही. आणि तोच जोडीदार त्याच्या वहीत महत्त्वाचं तेवढं उतरवून ठेवतो, परतल्यावर पहिला आठवडा त्याच्याशेजारी बसतो. वर्गाचे चार-पाच नियम जूनमध्ये मुलांनीच करावेत, आणि एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांसह पुन्हा करावेत. आपण नसताना झालेला नियम कुणालाच आपला वाटत नाही.

मुलींच्या हजेरीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या बीडमध्ये ४३.७ टक्के निघाल्या. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. सातवी-आठवीतली मुलगी सलग तीन दिवस आली नाही, तर चौथ्या दिवशी शिक्षकानं तिच्या घरी जायचंच, हा नियम शाळेनं ठरवून टाकावा. धाकट्या भावंडाला घेऊन आली तरी तिला वर्गात बसू द्यावं.

तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि पुस्तकातले क्यूआर कोड घराघरात माहीत झाले. कोपीवर मात्र फोन बापाच्या खिशात असतो आणि चार्जिंगची मारामार. आठवड्यातून एकदा, रात्री, शिक्षकाच्या आवाजातला तीन मिनिटांचा संदेश मुलापर्यंत पोचला तरी शाळेशी धागा राहतो. त्याहून जास्त अपेक्षा तिथं धरू नये.

मूल गावातच राहावं यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. ती जिथं मुलं निघण्याआधी सुरू होतात तिथं उपयोगी पडतात. दिवाळीनंतर मंजुरी आली तर ट्रक निघून गेलेला असतो. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. तिच्या इमारती उभ्या राहीपर्यंत आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलांचं रात्रीचं जेवण हाच मुख्य प्रश्न आहे, आणि तो गावपातळीवर सुटू शकतो. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आली. तिच्या तोंडावर परतणाऱ्या मुलांना नापासाची भीती घालण्यापेक्षा कायद्यानं दिलेली दोन महिन्यांतली फेरपरीक्षा आईबापांना आधीच समजावून सांगावी.

बाकीचं काम बीडच्या बाहेर आहे. हा अंक कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर भागातल्या कुणाच्या हाती पडला असेल, तर तुमच्या शिवारात या आठवड्यात कोप्या पडल्या असतील. तिथली मुलं मोजा आणि जवळच्या शाळेत घेऊन जा. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कायदा सांगतो. मुख्याध्यापकांना ते सांगा, आणि प्रवेश मिळाल्यावर बीडच्या त्या शाळेत एक फोन करायला लावा. कोणता गट, कोणतं कार्ड, कुठपर्यंत आलं, एवढं विचारलं तरी दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करता येतो.