गजाच्या टोकाशी

बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ला सुरुवात होते आणि चेलो-बास खालचा ‘ई’ धरून बसतात. तोच स्वर पुन्हा पुन्हा. वर सगळी गुंफण चढत जाते. निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९७० मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण लावायचं, नोटेशन समोर ठेवायचं आणि फक्त हा खालचा स्वर ऐकायचा, हा माझा आवडता अभ्यास आहे. स्वर उमटतो, विरतो, मग पुढचा येतो. काही वजनदार, काही अगदी हलके. कागदावर मात्र सगळे सारखेच दिसतात.

हे विरणं गजातून येतं. बाखच्या काळचा गज टोकाकडे हलका होत जातो. तातेच्या तारेवर तो ओढला की आवाज आपसूक उतरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस घडलेल्या नव्या गजाने स्वर सलग, भरदार धरून ठेवणं सोपं केलं. हार्नोनकूर स्वतः चेलोवादक, त्यामुळे हा फरक त्यांच्या उजव्या हाताला ठाऊक होता. १९५२ पासून ते व्हिएन्ना सिम्फनीत नोकरीला होते. १९५३ मध्ये त्यांनी पत्नी अ‍ॅलिस आणि काही सहकाऱ्यांसह ‘कॉन्सेन्टस म्युझिकस’ हा वाद्यवृंद सुरू केला. पहिली जाहीर मैफल मात्र १९५७ मध्ये. मधली वर्षं घरातल्या तालमीत गेली. मला या वर्षांबद्दल फार आदर वाटतो.

आपल्याकडे भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदीश म्हणजे ख्याल नव्हे, हे सांगावं लागत नाही. उरलेलं गुरू देतो. बाखच्या संगीताची ती गुरू-शिष्यांची साखळी तुटली होती. मग गुरूच्या जागी त्या काळचे वादनावरचे ग्रंथ आले: क्वान्ट्सचा १७५२ चा, लेओपोल्ड मोझार्टचा १७५६ चा. त्यांत सांगितलेलं असं: स्वरांवर एकत्र कमान काढली असेल तर पहिल्यावर जोर, पुढचे त्याच्यात मिसळलेले. विसंवादी स्वर ठाशीव, त्याची सोडवणूक हळुवार. हे वाचणारे विद्वान पुष्कळ होते. ते गजाच्या एकेका ओढीत उतरवून दाखवणारे थोडे.

पुढे हार्नोनकूर यांना गुस्ताव लेओनहार्ट यांच्याबरोबर बाखचे जवळजवळ २०० कँटाटा ध्वनिमुद्रित करायला सुमारे दोन दशकं लागली. त्या तबकड्यांच्या संचात नोटेशनही दिलेलं असे, म्हणजे श्रोत्यालाही तपासता यावं.

१९७० च्या ‘पॅशन’मध्ये बाईचा एकही आवाज नाही, कारण बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चमध्ये मुलं आणि पुरुषच गात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच रचनेच्या नव्या ध्वनिमुद्रणात हार्नोनकूर यांनी गायिका घेतल्या आणि प्रौढ स्त्री-पुरुषांचा गायकवृंद घेतला. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती.