पॅक-मॅनची चार भुते आणि हातच्याचा घोटाळा

‘संगणक विचार करतो का?’ हा प्रश्न विज्ञानाच्या किंवा गणिताच्या तासाला कधी ना कधी येतोच. ‘नाही, तो फक्त दिलेल्या सूचना पाळतो,’ असे उत्तर देऊन आपण बहुधा पुढच्या धड्याकडे वळतो. उत्तर चुकीचे नाही, पण त्याने मुलांचे समाधान होत नाही. कारण पडद्यावरचे यंत्र तर चक्क डावपेच लढवताना दिसते. नुसत्या सूचना पाळून डावपेचांचा भास कसा निर्माण होतो, हे दाखवायला एक जुना व्हिडिओ खेळ फार उपयोगी पडतो. त्याचे नियम फळ्यावर मांडता येण्याइतके थोडे आहेत आणि त्यांना लागणारे गणित शाळेतलेच आहे. तो खेळ म्हणजे पॅक-मॅन.

जपानमधील नामको या कंपनीत काम करणाऱ्या टोरू इवातानी यांनी हा खेळ रचला आणि १९८० साली तो लोकांसमोर आला. तेव्हाचे बहुतेक व्हिडिओ खेळ परग्रहावरच्या शत्रूंवर गोळ्या झाडण्याचे होते. मुलींनाही खेळावेसे वाटेल असे काहीतरी इवातानी यांना हवे होते, म्हणून त्यांनी ‘खाणे’ हा विषय निवडला. तोंडाची उघडझाप करत खाण्याला जपानी भाषेत ‘पाकु-पाकु’ असा शब्द आहे. आपल्या ‘मचमच’सारखाच ध्वनीवरून आलेला. त्यावरून जपानमध्ये खेळाचे नाव पडले ‘पक-मॅन’. अमेरिकेत मिडवे कंपनीने तो आणला तेव्हा कोणी टवाळखोर इंग्रजी नावातले पहिले अक्षर खरवडून भलताच शब्द बनवील, या भीतीने ‘पॅक-मॅन’ असा बदल झाला.

खेळ असा. एका भूलभुलैयात २४० लहान ठिपके आणि ४ मोठे ठिपके असतात. एक फोड काढलेल्या पिझ्झासारखा दिसणारा पिवळा पॅक-मॅन ते खात फिरतो आणि चार भुते त्याच्या मागावर असतात. भुताने गाठले की एक जीव गेला. मोठा ठिपका खाल्ला की भुते काही क्षण निळी पडून पळू लागतात आणि तेवढ्या वेळात पॅक-मॅन त्यांनाच खाऊ शकतो. सगळे २४४ ठिपके संपले की पुढची पायरी सुरू. आपल्याकडची भुते माणसाला चकवा लावतात. इथे भुतांना चकवायचे असते, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाला वाटते की चारही भुतांचे स्वभाव वेगळे आहेत आणि ती आपसात संगनमत करून आपल्याला कोंडीत पकडतात. खरे तर ती एकमेकांशी काहीही बोलत नाहीत. प्रत्येक भुताला एकच ठरवायचे असते : या क्षणी माझा लक्ष्य-चौकोन कोणता? मग चौकात आल्यावर ज्या दिशेचा पुढचा चौकोन लक्ष्याच्या अधिक जवळ, त्या दिशेला वळायचे. उलट फिरायची मात्र मुभा नाही. खो-खोत धावणाऱ्या गड्याला एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, तसाच हा नियम आहे. आणि खो-खोसारखीच या खेळाची सारी लज्जतही याच नियमात आहे.

‘जवळ’ हे कसे मोजायचे? पायथागोरसच्या सिद्धांताने. समजा लक्ष्य भुताच्या उजवीकडे ३ चौकोन आणि वर ५ चौकोन आहे. भूत वर गेले तर उरलेले अंतर ३ आणि ४, वर्गांची बेरीज २५. उजवीकडे गेले तर उरलेले अंतर २ आणि ५, बेरीज २९. म्हणून वर जायचे. वर्गमूळ काढण्याचीही गरज नाही, कारण तुलना वर्गांचीच केली तरी निकाल तोच येतो. खेळाच्या यंत्रात झेड-८० नावाचा सूक्ष्मप्रक्रियक होता. सेकंदाला सुमारे तीस लाख ठोके एवढीच त्याची गती. वर्गमूळ टाळण्यात शहाणपण होते. मध्ये भिंत आहे की नाही, याचा विचार भूत करतच नाही. त्यामुळे कधी कधी ते अगदी जवळ येऊनही भलत्या गल्लीत शिरते आणि आपल्याला वाटते, हे गाफील आहे!

राहता राहिले लक्ष्य. इथेच चार स्वभाव तयार होतात. लाल भूत ब्लिंकी; त्याचे लक्ष्य म्हणजे पॅक-मॅन ज्या चौकोनात आहे तोच चौकोन. जपानी आवृत्तीत त्याच्या स्वभावाचे नाव ‘पाठलाग करणारा’ असे आहे. गुलाबी पिंकीचे लक्ष्य पॅक-मॅनच्या तोंडापुढे ४ चौकोनांवर असते, म्हणून ती समोरून आडवी येते. तिचे जपानी नाव ‘दबा धरून बसणारा’ या अर्थाचे. एक मागून आणि एक पुढून आले की कोंडी आपोआप होते.

आकाशी रंगाचा इंकी हा ‘लहरी’ म्हणून ओळखला जातो आणि गणिताच्या शिक्षकांना तोच सर्वांत आवडावा. पॅक-मॅनच्या पुढे २ चौकोनांवर एक बिंदू घ्या. ब्लिंकीपासून त्या बिंदूपर्यंत रेषा काढा आणि तेवढीच पुढे वाढवा. तिचे टोक म्हणजे इंकीचे लक्ष्य. म्हणजेच घेतलेला बिंदू हा ब्लिंकी आणि लक्ष्य यांचा मध्यबिंदू झाला. मध्यबिंदूचे सूत्र शिकलेला विद्यार्थी इंकीचे लक्ष्य स्वतः काढू शकतो. ब्लिंकी दूर असेल तर हे लक्ष्य कुठल्या कुठे जाते आणि इंकी भरकटल्यासारखा दिसतो. ब्लिंकी जवळ आला की इंकीही अचूक होतो. हीच ती ‘लहर’!

चौथा नारिंगी क्लाईड. तो पॅक-मॅनपासून ८ चौकोन किंवा अधिक दूर असेल तर ब्लिंकीप्रमाणे सरळ त्याच्यावर चाल करतो. त्याहून जवळ आला की डाव्या खालच्या कोपऱ्याकडे निघून जातो. त्याच्या जपानी नावाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’. भित्रा म्हणा, धूर्त म्हणा. आहे ती फक्त एक ‘जर-तर’ची अट.

यात आणखी एका गोष्टीची भर घालायला हवी. भुते सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या पायरीवर प्रथम ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग २० सेकंद पाठलाग, पुन्हा ७ सेकंद विसावा, असे चालते. चार विसाव्यांनंतर मात्र पाठलाग थांबत नाही. खेळणाऱ्याला दम घ्यायला मिळावा म्हणून केलेली ही योजना आहे. सतत ताण ठेवला तर माणूस खेळ सोडून देतो, हे परीक्षांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनीही लक्षात घ्यायला हरकत नाही. असो.

निळी पडलेली भुते मात्र यदृच्छेने वळतात असे वाटते. पण संगणकातली यदृच्छा बहुतेक वेळा नकलीच असते. ती एका सूत्रातून निघते आणि सूत्राला दिलेला आरंभीचा अंक तोच असेल तर संख्यांची तीच मालिका पुन्हा मिळते. पॅक-मॅनमध्ये प्रत्येक पायरीच्या आरंभी हा अंक मूळपदावर आणला जातो. परिणामी, खेळणाऱ्याने त्याच क्षणी त्याच हालचाली केल्या तर भुतेही तंतोतंत तशीच वागतात. अमेरिकेतल्या मुलांनी हे प्रयोगाने शोधून काढले आणि ठरावीक वाटा पाठ करून तासन्‌तास खेळत राहिली. १९८२ साली आलेल्या ‘मिस पॅक-मॅन’मध्ये हा मार्ग बंद केला गेला, तिथे काही भुतांची सुरुवातीची चाल अनिश्चित ठेवली आहे आणि भूलभुलैयेही चार आहेत.

आता हातच्याकडे वळू. या यंत्रात एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २५५ मध्ये १ मिळवला तर उत्तर २५६ यायला हवे, पण हातचा ठेवायला पुढचे घर नसल्याने उरते ०. स्कूटरचा अंतरमापक ९९९९९ नंतर शून्यावर येतो तसेच. याच गुणधर्माचा उपयोग करून −१ ही संख्या २५५ अशी लिहितात, कारण २५५ मध्ये १ मिळवला की शून्य येते!

पॅक-मॅन वर तोंड करून असतो तेव्हा त्याची दिशा ‘आडवे ०, उभे −१’ अशी साठवलेली असते. पिंकीसाठी याची चौपट करायची. पण दोन्ही बाइट शेजारी शेजारी असून त्यांना एकच मोठी संख्या समजून गुणाकार होतो. २५५ × ४ = १०२०; म्हणजे ३ वेळा २५६ आणि वर २५२. तो ३ हातचा म्हणून शेजारच्या, म्हणजे आडव्या अंतराच्या घरात शिरतो. मग २५२ पॅक-मॅनच्या स्थानात मिळवताना आणखी १ हातचा येतो. एकूण ४. परिणाम असा की पॅक-मॅन वर पाहत असताना पिंकीचे लक्ष्य ४ चौकोन वर आणि ४ चौकोन डावीकडे सरकते. इंकीच्या बाबतीत हाच घोटाळा २ चौकोनांचा होतो. खेळणाऱ्यांनी मात्र याला ‘पिंकीचा स्वभाव’ मानले. आज्ञावलीतली चूक आणि स्वभाव यांत बाहेरून फरक करता येत नाही, ही गोष्ट मला या खेळातली सर्वांत विचार करायला लावणारी वाटते.

दुसरा घोटाळा हातचा हरवल्याचा. तो थेट २५६व्या पायरीवर होतो. पडद्याच्या तळाशी पायरीनुसार फळांची चित्रे काढणारा एक भाग आज्ञावलीत आहे. आत पायऱ्यांची गणती शून्यापासून होते, म्हणून २५६वी पायरी म्हणजे २५५. चित्रे किती काढायची हे ठरवताना त्यात १ मिळवला जातो आणि उत्तर येते ०. चित्र आधी काढून मग गणती एकाने कमी करायची, अशी रचना असल्याने ० मधून १ गेला की पुन्हा २५५! अशा रीतीने सात चित्रांऐवजी २५६ चित्रे काढण्याचा प्रयत्न होतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे व तुकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. २४४ ठिपके पूर्ण होणे अशक्य होते आणि खेळ तिथेच संपतो.

म्हणूनच या अंतहीन वाटणाऱ्या खेळाला कमाल गुणसंख्या आहे : ३३,३३,३६०. तिचा हिशेब हे उत्तम गृहपाठाचे गणित आहे. प्रत्येक पायरीचे ठिपके २,६०० गुणांचे. २५५ पायऱ्यांचे झाले ६,६३,०००. भुते निळी पडतात अशा १७ पायऱ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १२,००० गुण, म्हणजे २,०४,०००. प्रत्येक पायरीवर दोनदा येणाऱ्या फळांचे मिळून २४,५९,६००. उरलेले ६,७६० त्या मोडक्या शेवटच्या पायरीवरून, सहा जीव हाताशी असतील तर.

पॅक-मॅनची पुढे मोठी मालिका झाली. १९८४चा ‘पॅक-लँड’ भूलभुलैया सोडून रस्त्यावर आला, १९८७च्या ‘पॅक-मॅनिया’त उड्या आल्या, आणि २००७च्या ‘चॅम्पियनशिप एडिशन’साठी इवातानी स्वतः पुन्हा बसले. २०१५च्या एका खेळाचे नावच ‘पॅक-मॅन २५६’. त्यात तो कचऱ्याचा पट्टाच शत्रू बनून मागे लागतो. इतरांच्या खेळांतही तो पाहुणा म्हणून जातो : २००५मध्ये मारिओच्या गाड्यांच्या शर्यतीत, २०१२मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ या मारामारीत, २०१४मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये. अर्थात या परक्या घरी भुतांचे नियम चालत नाहीत. सोबत जाते ती आकृती, आवाज आणि फळे. ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये तो फेकतो ती फळे मूळ खेळातल्याच क्रमाने येतात : चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रे, सफरचंद, कलिंगडवर्गीय फळ, मग नामकोच्याच १९७९ सालच्या ‘गॅलॅक्सियन’मधले शत्रुयान, घंटा आणि किल्ली. म्हणजे एका खेळातले पात्र दुसऱ्यात आणण्याची हौस १९८०मध्येच होती. या बाबतीत गुगलने २०१०मध्ये तिसाव्या वाढदिवसानिमित्त केलेला खेळ मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात भुतांचे स्वभाव आणि जुन्या चुकाही मुद्दाम जपल्या होत्या.

वर्गात हे करून पाहायला संगणक लागत नाही. चौकटीच्या कागदावर किंवा मैदानात फक्कीने भूलभुलैया आखा. चार मुलांना भुते करा आणि प्रत्येकाला फक्त स्वतःच्या नियमाची चिठ्ठी द्या; दुसऱ्याची दाखवू नका. दर शिट्टीला प्रत्येकाने एक चौकोन सरकायचे, मागे वळायचे नाही. कडेला बसलेल्यांनी निरीक्षणावरून चिठ्ठ्यांतले नियम ओळखायचे. क्लाईडचा नियम बहुतेक शेवटी सापडेल. खेळ झाल्यावर दोन प्रश्न द्यावेत : पॅक-मॅन एकाच जागी उभा राहिला तर क्लाईड काय करत राहील? आणि ब्लिंकी पॅक-मॅनच्या बरोबर दोन चौकोन पुढे उभा असेल, तर इंकीचे लक्ष्य कोणते?