एकास दहा

टामियाच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक पायरीशेजारी स्क्रूचं चित्र असतं आणि ते खऱ्या मापात छापलेलं असतं. हातातला स्क्रू कागदावर आडवा ठेवायचा, टोकाला टोक जुळलं तरच पुढे जायचं. तीन मिलिमीटर जाडीचा स्क्रू आठ मिलिमीटर लांब आहे की दहा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आठच्या जागी दहाचा गेला तर तो आत एखाद्या गिअरला टेकू शकतो, आणि हे लक्षात येतं तोवर वर आणखी दोन थर चढलेले असतात. रेडिओवर चालणारा ऑफ-रोड ट्रक घरी जोडायला घेणाऱ्याची गाठ सर्वात आधी या मिलिमीटरांशी पडते.

जपानमधल्या शिझुओकाची टामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली. तिची पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार १९७६ची, पोर्शे ९३४. तिचं मॉडेल नेमकं उतरावं म्हणून कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. १९७९ साली वाळूत पळणारी सँड स्कॉर्चर आली. १९८१ साली टोयोटा हायलक्स आली, पाट्यांच्या स्प्रिंगांची आणि रेडिओवरून बदलता येणाऱ्या तीन गिअरांची. आज ज्याला ट्रेल ट्रक म्हणतात त्याची मुळं मला त्या हायलक्समध्ये दिसतात. २०१९च्या सीसी-०२ या चेसिसमध्येही तोच विचार आहे: शिडीसारखी चौकट, पुढे-मागे अखंड अॅक्सल, चारही चाकांना ताकद. प्रमाण एकास दहा.

खोकं उघडलं की प्लॅस्टिकच्या फ्रेमा निघतात, ए, बी, सी अशा खुणांच्या. प्रत्येक भाग कटरने सोडवायचा, राहिलेला काटा ब्लेडने साफ करायचा. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग यांची बहुतेक वेळा वेगळी जुळवाजुळव करावी लागते, हे नवख्याला दुकानातून घरी आल्यावर कळतं.

मग स्क्रूड्रायव्हरची भानगड. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली जेआयएस या जपानी मानकाच्या मापाची असते. आपल्या घरात असतो फिलिप्स. तो त्या फुलीत पुरता बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएसचा एक चांगला ड्रायव्हर ही या छंदातली सर्वात वसूल होणारी खरेदी, असं माझं ठाम मत आहे. प्लॅस्टिकमध्ये आटे पाडत जाणारा स्क्रू उघडून पुन्हा लावताना तो आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ करून जुन्या आट्यात उतरला की मगच सुलटा आवळावा. नाहीतर दुसरे आटे पडतात, भोक सैल होतं, आणि तो भाग कायमचा दुखणाईत.

ई-रिंगची गोष्ट वेगळीच. दोन मिलिमीटरच्या खाचेत बसणारी ही पोलादी कडी चिमट्यातून सुटली की मीरा रोडच्या वन-रूम-किचनमध्ये नेमकी कपाटाखालीच जाते. शेजारचं भाईंदर स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिथली उंच काठाची परात मांडीवर घेऊन त्यात काम करावं आणि जवळ एक लोहचुंबक ठेवावं.

चाकं वळवणाऱ्या सर्व्होची गफलत मात्र शेवटी बाहेर येते. आधी ट्रान्समीटर, मग गाडी चालू करून सर्व्हो मध्यावर आणायचा आणि त्यानंतरच त्याची दांडी बसवायची. ती एक दात इकडेतिकडे बसली तर ट्रक एका बाजूला झकास वळतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो.

खरा जीव जातो तो सुट्या भागांपायी. अनेक किटांत चाकांच्या आसाला प्लॅस्टिकचे बुश येतात. धुळीत ते झिजतात, चाक डुलायला लागतं. बदली बेअरिंग परदेशातून मागवायचं तर सीमाशुल्काने पाकीट खेळण्यांत मोजलं की भुर्दंड मोठा: खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झालं. माझा एक ट्रक अशाच एका पाकिटासाठी अख्खा पावसाळा कपाटावर बसून होता. या छंदात माणूस कंटाळतो तो इथे. जोडणीला कोणी कंटाळत नाही.

यावर उपाय लोकलच्या अंतरावर आहे. टामिया ज्याला ११५० म्हणते ते पाच मिलिमीटर भोकाचं, अकरा व्यासाचं, चार जाडीचं बेअरिंग. उद्योगात त्याचा नंबर एमआर ११५. दहा-पंधरा-चारचं १५१० म्हणजे ६७००. मरीन लाइन्सला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेलं आणि ‘टामिया’ म्हटलं तर दुकानदार मान हलवतो. ‘एमआर ११५, टू-आरएस’ म्हटलं की त्याला कोणतं खोकं काढायचं ते कळतं. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. आपल्याकडे तेच घ्यावं, कारण उत्तनचे खडक आणि राई-मुर्ध्याकडचे मिठागरांचे बांध हीच ट्रक फिरवायची जागा. पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेडमध्ये खारं पाणी शिरतं, आणि गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून तेल दिलं नाही तर आतल्या गोळ्या गंजून बसतात. चेणे नदीच्या पात्रातले गोटे त्या मानाने गाडीला सोसतात.

तिथे दुसरा प्रश्न येतो. गोट्यांवर चढायला डिफरन्शियल लॉक हवं, नाहीतर हवेतलं चाक गरगरतं आणि दगडावरचं गप्प बसतं. लॉक केलं की वळणाचा घेर वाढतो. दोन्ही हवं असेल तर पुढचं मोकळं, मागचं लॉक ही माझ्या मते बरी तडजोड. गुरुत्वमध्य खाली आणायला चाकाजवळ पितळी कडी घालतात. ती भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधला लेथवाला करून देऊ शकतो, फक्त त्याच्या हातात नमुना आणि मिलिमीटरमधला आकडा द्यावा.

बॉडीचं म्हणाल तर, कंपनीची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक बॉडी आतून रंगवतात, म्हणजे क्रम उलटा: आधी बारीक काळं काम, शेवटी मुख्य रंग. जुलैत स्प्रे मारू नये. खाडीकाठच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे इथले रंगाचे महिने.

पण या शहरात रोज दिसणारी गाडी म्हणजे बोलेरो, म्हणून तिचीच बॉडी करायला घेतली. तिचा व्हीलबेस २६८० मिलिमीटर, एकास दहा म्हणजे २६८. सीसी-०२चा लांब व्हीलबेस २६७. हे जुळणं पाहून मी खूश झालो होतो. रुंदी मात्र आडवी येते: खरी बोलेरो १७४५, म्हणजे प्रमाणात साडेसतरा सेंटिमीटरच्या आत, आणि चेसिसची चाकं त्याच्या बाहेर डोकावतात. बॉडी ताणून रुंद केली तर बोलेरोचा तो उभा, अरुंद चेहरा जातो. म्हणून बॉडी मापातच ठेवायची, सनबोर्डची, आणि चाकांवर रुंद फ्लेअर लावायचे. पुढचा फ्लेअर चाक पूर्ण वळलं की टायरला घासतो. तेवढी कड कापायची राहिली आहे.