परसातली कळलावी

कळलावी ही सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात उगवणारी वेल. जमिनीवरचा भाग दरवर्षी वाळून जातो, पण कंद जिवंत राहतो. नाशिककरांना ती त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या वाटेवर श्रावण-भाद्रपदात झुडपांवर चढलेली दिसते. तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. अग्निशिखा याही नावाने ती ओळखली जाते आणि तिचे फूल तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे.

तिचे फूल जवळून पाहण्यासारखे असते. कळी हिरवट आणि खाली मान घातलेली. उमलताना तिच्या सहाही नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी पिवळ्या असतात आणि दिवसागणिक लालभडक होत जातात. म्हणून एकाच वेलीवर दोन्ही रंगांची फुले दिसतात. चढण्यासाठी तिला वेगळे ताणे लागत नाहीत. पानाचे निमुळते टोकच काडीला वेटोळे घालते.

कंद मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला लावावा. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि कोंब त्याच्या टोकाला असतो. टोक मोडले तर कंद सहसा उगवत नाही, म्हणून तो जपून हाताळावा आणि पाच-सात सेंटिमीटर खोल आडवा ठेवावा. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद कुजतो. तेव्हा मातीत वाळू, बारीक मुरूम आणि शेणखत मिसळावे. कुंडी खोल हवी, वेलीला ऊन हवे आणि आधाराला काटक्या किंवा जाळी हवी. दिवाळीच्या सुमारास वेल पिवळी पडू लागली की पाणी बंद करावे. ती मेली असे समजून अनेकजण कुंडी रिकामी करतात. तसे करू नये, कारण जुन्या कंदाच्या जागी नवा तयार झालेला असतो. बियांपासून लावल्यास फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते.

कळलावी घरात लावली की भांडणे होतात, असा समज आहे. त्यात तथ्य नाही. भीती बाळगायची ती विषाची. कोल्चिसिन हे विष सगळ्या वेलीत असते, कंदात आणि बियांत विशेष. कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यामुळे फसगत होते. लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरात ही वेल न लावलेलीच बरी. लावणाऱ्यांनी हातमोजे घालावेत.

औषधासाठी रानातले कंद आधीच बेसुमार खणले जातात. बागेसाठी त्यात भर घालू नये, कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. आणि चुकून कोणाच्या पोटात गेलाच, तर उलट्या-जुलाब सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे.